चौथ्या कोपऱ्यातली शेपटी

जानेवारीतल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, करेक्टर खराब निघाला. परत पाठवतोय."

फोटो व्याधाच्या पूर्वेला असलेल्या एम४६ आणि एम४७ या तारकागुच्छांचा होता. मधोमध तारे सुईच्या टोकासारखे. वरचे दोन कोपरे आणि खालचा डावा कोपरा बरे म्हणावेत असे. खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र प्रत्येक तारा बॅडमिंटनच्या फुलासारखा, आत टोक आणि बाहेर पसरलेली पिसं. करेक्टर म्हणजे दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत कडेचे तारे सुधारणारा भिंगांचा संच. तो लावायच्या आधी चारही कोपऱ्यांत अशी फुलं होती. आता तीन कोपरे सुधारले आणि चौथा पहिल्यापेक्षा वाईट झाला. सहा महिने पैसे साठवून घेतलेली वस्तू, त्यामुळे पोराचा जीव वरखाली होणारच.

मी लिहिलं, "पाठवू नको. संध्याकाळी येतो."

माझा धंदा पंप आणि मोटारी दुरुस्तीचा. गिऱ्हाईक येतं ते निदान घेऊनच येतं: कॅपॅसिटर गेला, वाइंडिंग जळलं. उघडून बघितलं की बहुतेक वेळा बिघाड भलतीकडेच असतो. बाजारातून शेवटी आणलेली वस्तू सगळ्यात आधी पकडली जाते, एवढाच त्या बिचारीचा गुन्हा.

दुर्बीण न्यूटनच्या पद्धतीची. आरसा २०० मिलिमीटर, नाभीय अंतर ८०० मिलिमीटर, म्हणजे एफ/४. दुसऱ्या हाताची आहे आणि आधीच्या मालकाकडे तिने दोन पावसाळे समुद्राकाठच्या घराच्या पडवीत काढलेत. ही पडवी लक्षात ठेवा. कॅमेरा कॅनन १३००डी: सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटर, १८ मेगापिक्सेल, एकेक पिक्सेल सुमारे ४.३ मायक्रॉनचा. या जोडीला आकाशाची १.६ × १.१ अंशांची चौकट मिळते. करेक्टर दोन इंची, आणि त्याच्या मागच्या कडेपासून सेन्सर ५५ मिलिमीटरवर यायला हवा. मध्ये कॅमेरा जोडायची टी-रिंग, एक जोडरिंग आणि २ मिलिमीटर काचेचा फिल्टर.

जागा देवगड तालुक्यातला आमचा सडा. जांभ्याचा उघडा कातळ, जानेवारीत वाळलेलं गवत, खाली उतारावर हापूसची कलमं. अक्षांश १६.४, त्यामुळे ध्रुव सोळाएक अंशांवर, कलमांच्या शेंड्यांत लपंडाव खेळणारा. दुर्बीण पेलून फिरवणारा माउंट इतका खाली झुकवला की वजनाचा दांडा तिवईच्या पायाला घासतो, तेही सांभाळायचं. पूर्वेला आणि माथ्यावर काळोख उत्तम. पश्चिमेला समुद्रावर बोटींच्या दिव्यांची रांग, आणि हवेत बाष्प असलं की तो उजेड अर्ध्या आकाशात पसरतो. फिल्टर त्यासाठी.

त्या संध्याकाळी चहा घेता घेता आधी हिशोब केला. आरसा पॅराबोलाच्या आकाराचा असतो. अक्षाला धरून सरळ आलेला प्रकाश तो एका बिंदूत आणतो. तिरक्या प्रकाशाला ते जमत नाही. आरशाचा मधला भाग ताऱ्याची प्रतिमा एका ठिकाणी टाकतो आणि कडेकडची वलयं तीच प्रतिमा थोडी मोठी करून, थोडी सरकवून टाकतात. ती सगळी एकावर एक पडली की पुढे उजळ डोकं आणि मागे फिकी, रुंदावत जाणारी शेपटी. शेपटी नेहमी अक्षापासून बाहेरच्या बाजूला. हाच कोमा.

शेपटीची लांबी काढायला साधं सूत्र आहे. अक्षापासूनचं अंतर गुणिले ३, भागिले १६, भागिले एफ-अंकाचा वर्ग. आमच्या सेन्सरचा कोपरा मध्यापासून १३.४ मिलिमीटरवर. एफ/४ ला उत्तर येतं ०.१५७ मिलिमीटर, म्हणजे ३६ पिक्सेल. एफ/८ च्या आरशाला त्याच कोपऱ्यात ९ पिक्सेल. एवढी पूर्ण लांबी काही फोटोत दिसत नाही, कारण बराचसा प्रकाश डोक्यातच असतो, पण प्रमाण कळतं. दुसरा आकडा जास्त बोचरा आहे. कोमा जाणवणार नाही असा मधला टापू एफ/४ ला जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाचा. बावीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर दीड मिलिमीटर. बाकी सगळं करेक्टरच्या भरवशावर.

भिंगं लावून कोमा मारायची युक्ती जुनीच आहे. फ्रँक रॉस यांनी १९३० च्या दशकात माउंट विल्सनच्या मोठ्या आरशांसाठी असे करेक्टर तयार केले आणि पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीलाही रॉस करेक्टर लागला. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या आरशाची हीच रड होती म्हटल्यावर आपल्या आठ इंचाचं काय घेऊन बसलास.

पण करेक्टर आंधळा असतो. तो स्वतःच्या मध्याभोवती उलटा कोमा घालतो आणि समजतो की आरशाचा अक्ष तिथूनच जातोय. अक्ष दुसरीकडून जात असेल तर एका बाजूला औषध कमी पडतं आणि समोरच्या बाजूला जास्त होतं. म्हणून चारही कोपरे सारखे बिघडलेत की एकच बिघडलाय, हा पहिला प्रश्न. सारखे बिघडले असतील तर करेक्टर ते सेन्सर हे अंतर चुकलंय. एकच बिघडला असेल तर काहीतरी तिरकं आहे, आणि तिरकं असताना अंतराला हात लावण्यात अर्थ नाही. भाच्याने नेमकं तेच केलं होतं. एका रात्रीत करेक्टर लावला, फिल्टर लावला, मुख्य आणि दुय्यम असे दोन्ही आरसे लेझरने जुळवले, आणि कोपरा बिघडलेला दिसल्यावर टी-रिंगमध्ये एक वॉशर घालून पाहिला. मोटारीच्या चारही वायरी एकदम सोडल्यासारखं.

"आता पहिल्यापासून," मी म्हटलं. "एका वेळी एकच."

पहिल्या रात्री फक्त एक चाचणी. करेक्टर आणि कॅमेरा एकमेकांना जोडलेले तसेच ठेवून दोघांना फोकसरमध्ये, म्हणजे ते ज्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत बसतात तिच्यात, १८० अंशांत फिरवायचं. वाईट कोपरा चौकटीत होता तिथेच राहिला तर दोष कॅमेरा, रिंगा किंवा करेक्टरमध्ये, कारण तो त्यांच्याबरोबर फिरला. समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष दुर्बिणीच्या बाजूला. गुच्छ तोच, कारण तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तारे भरलेले असतात. फोटो दहा सेकंदांचेच. लांबचे घेतले तर माउंटची चूक आणि भिंगाची चूक एकमेकांत मिसळतात. माउंट चुकला की सगळे तारे एकाच दिशेला ओढले जातात, कोमाच्या शेपट्या मध्यापासून चहूकडे जातात. छोट्या फोटोत हा घोळ उरतच नाही. प्रत्येक स्थितीत पाच फोटो, दर वेळी फोकस तपासायची बाहतिनोव्ह जाळी लावून पुन्हा फोकस.

घरी येऊन सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटीचे नऊ तुकडे शेजारी शेजारी लावून पाहिले. फिरवण्याआधी शेपट्या खाली उजवीकडे. फिरवल्यावर वर डावीकडे. पाचही फोटोंत.

करेक्टर सुटला. भाचा काही बोलला नाही, पण परतीसाठी काढून ठेवलेला खोका त्याने उचलून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजेडात दुर्बीण ओटीवर घेतली. भाच्याचं म्हणणं, आरसे लेझरने जुळवलेत, ठिपका बरोबर मध्यावर आहे. मी म्हटलं, लेझर कोणी जुळवला? फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकल्या, त्यांच्या खाचांत लेझर आडवा ठेवला आणि पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडून लेझर जागच्या जागी फिरवला. ठिपक्याने जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढं वर्तुळ काढलं. म्हणजे लेझर स्वतःच वाकडं बघत होता आणि आम्ही त्याच्या साक्षीवर आरसे हलवत होतो. बाजूच्या तीन बारीक ॲलन स्क्रूंनी, त्यांच्यावरचं रबर टोकरून काढून, वर्तुळ ठिपक्याएवढं होईस्तोवर तो सरळ केला. तरीही मुख्य आरशासाठी मी लेझरपेक्षा चेशायरवर, म्हणजे भोकातून डोळ्याने बघायच्या साध्या नळीवर, जास्त विश्वास ठेवतो. त्यात बॅटरी नाही, रुसवेफुगवे नाहीत. आरशाच्या मध्यावर चिकटवलेली गोल खूण भोकाच्या मध्ये आली की झालं.

चेशायरमधून खूण मध्ये आणली. सगळं छान. मग सहज म्हणून नळी उभी होती ती पूर्वेकडे झुकवली, साधारण तीस अंशांवर, आणि पुन्हा डोळा लावला. खूण सरकलेली. पुन्हा उभी केली, खूण जवळजवळ जागेवर. पश्चिमेला झुकवली, दुसऱ्या बाजूला सरकली.

नळीच्या मागच्या बाजूने आरशाच्या बैठकीवर अंगठा दाबला तर ती गप्पकन आत गेली आणि परत आलीच नाही. तीन स्क्रू, तीन स्प्रिंगा. सोडवायला घेतल्या तर पहिला स्क्रू निघाला, दुसऱ्यावर रात्रभर तेल सोडून ठेवावं लागलं, आणि तिसऱ्याबरोबर तांबूस भुगा बाहेर आला. एक स्प्रिंग बोटांनी दाबली की दबलेलीच राहत होती. दोन पावसाळ्यांच्या खाऱ्या हवेत, पडवीत. बाहेरून नळीला रंग आहे, आरशाला मुलामा आहे, म्हणून वस्तू झकास दिसते; गंज बसतो तो जिथे कोणी बघत नाही तिथे.

इथे माझा धंदा कामाला आला. पंपाच्या मेकॅनिकल सीलमध्ये स्टेनलेसची स्प्रिंग असते, पाण्यात राहायलाच केलेली. दुकानातल्या डब्यातून एकाच मापाच्या तीन शोधल्या. जुन्यांपेक्षा थोड्या ताठ, लांबीला जवळपास तेवढ्याच. स्क्रू बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानातून ३१६ ग्रेडचे आणले. खाऱ्या पाण्यावर राहणाऱ्या माणसांना हा ग्रेड बरोबर माहीत असतो. आरसा बाहेर होता तेव्हाच त्याच्या कडेच्या तीन पकडी पाहिल्या. त्याही करकचून आवळलेल्या. पकडी दाबल्या की आरसा किंचित मुडपतो आणि तारे तिकोनी दिसतात. कागद सरकेल एवढी फट ठेवून त्या सैल केल्या. आरसा पुसला नाही. भाच्याला फार सुरसुरी आली होती, पण थोड्या धुळीने काही बिघडत नाही आणि पुसून मात्र हमखास बिघडतं.

नव्या स्प्रिंगांवर नळी उभी, आडवी, पूर्वेला, पश्चिमेला केली. खूण हलली, पण भोकाच्या आतल्या आत.

त्यानंतरचे तीन दिवस वाऱ्यात गेले. जानेवारीत मतलई एकदा जोरात सुटली की सड्यावर नळी शिडासारखी हलते. चौथ्या रात्री वारा पडला. वारा पडला की दव येतं हेही ठरलेलं. अकरा वाजेपर्यंत तिवईचे पाय पाण्याने निथळत होते, पण नळीच्या तोंडाला जुन्या झोपायच्या मॅटचा फूटभर लांब गळा लावला होता, त्यामुळे दुय्यम आरसा तगला. खालच्या बागेत राखणदाराने एकदा वर बॅटरी मारली. एक फोटो गेला.

तुकडे लावून पाहिले. चारही कोपरे सारखेच वाईट.

भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र इतका आनंद झाला की त्याला वाटलं, मामाचं डोकं फिरलं. अहो, चारही सारखे! म्हणजे अक्ष मध्यावर आला, तिरकेपणा गेला, आता उरलं फक्त अंतर. ताऱ्यांची लांबी कोपऱ्यात साधारण ९ पिक्सेल, रुंदी ५.

आता व्हर्निअर घेतला. कॅननच्या बॉडीत भिंग बसवायच्या कडेपासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत असतो. टी-रिंग ११ मिलिमीटर. ४४ आणि ११, पंचावन्न. सगळीकडे हीच बेरीज सांगतात आणि ती खरीही आहे. पण आमची टी-रिंग ४२ मिलिमीटर आट्यांची आणि करेक्टर ४८ चा, म्हणून मध्ये जोडरिंग, आणि तिची कड मोजली तर बरोबर २ मिलिमीटर. ती कोणी बेरजेत धरलीच नव्हती. झाले ५७. (४२ च्या आट्यांतही दोन प्रकार आहेत: दुर्बिणीच्या टी-रिंगला पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ मिलिमीटर, जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांना १. दिसायला एकच. भाच्याची आधी आणलेली जोडरिंग दीड फेऱ्यातच अडकली होती, ती या दुसऱ्या जातीची.)

उलट बाजूने फिल्टर थोडी सूट देतो. काचेतून जाताना किरण कमी तिरके होतात आणि फोकस मागे ढकलला जातो, साधारण काचेच्या जाडीच्या एक तृतीयांशाने. २ मिलिमीटर काचेला ०.७. म्हणजे हवं होतं ५५.७, आणि होतं ५७. सव्वा मिलिमीटरहून थोडं जास्तच.

हिशोब कागदावर बरोबर असला तरी आकाशाला विचारून घ्यावं. शेपट्या बघून अंतर कमी की जास्त हे ओळखायचे आडाखे लोक सांगतात. मला त्यांचा भरवसा वाटत नाही, करेक्टरच्या जातीप्रमाणे ते बदलतात. त्यापेक्षा मुद्दाम बिघडवून बघावं. अंतर कमी करणं अवघड, वाढवणं सोपं. फाइलच्या प्लॅस्टिकच्या पुठ्ठ्यातून वॉशर कापले, कंपास आणि ब्लेडने, प्रत्येकी अर्धा मिलिमीटर. एक घातला, म्हणजे ५७.५. कोपऱ्यातले तारे ९ चे १२ पिक्सेल झाले. दोन घातले, ५८: पंधरा-सोळा. दर वेळी चारही कोपरे एकसारखे. बिघाड वाढला म्हणजे दिशा पक्की झाली, आता उलटं जायचं.

नवी ४८ आट्यांची टी-रिंग मागवली असती तर जोडरिंगच निघून गेली असती, आणि खरा उपाय तोच. पण पार्सल यायला दहा-बारा दिवस, आणि अमावास्या थांबत नाही. जोडरिंग घेऊन बंदराजवळच्या लेथवर गेलो. मेस्त्री बोटींच्या इंजिनांची कामं करतात. रिंग बोटांत फिरवून म्हणाले, "ह्या कित्याक व्हया तुका?"

भाच्याने सांगितलं, आकाशाचे फोटो काढायला. कड २ ची ०.७ करायची.

"आणि अर्धो मिलिमीटर कमी-जास्त झालो तर?"

"चालना नाय," भाचा म्हणाला.

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. पंपाच्या कामात मी त्यांना असं कधी सांगितलेलं नाही. मग आट्यांना ओरखडा पडू नये म्हणून रिंगेभोवती कागद गुंडाळून चकमध्ये धरली, एका वेळी ०.२ उतरवत गेले, आणि दर वेळी लेथ थांबवून भाच्याच्या हातात व्हर्निअर दिला. ॲल्युमिनियमचं चकचकीत भिरभिरं खाली पडत होतं. ०.८ ला त्यांनी हात थांबवला. पुढे कड वाकेल म्हणाले. पैसे घेतले नाहीत. फोटो आणून दाखवायचा, ही अट घातली.

५५.८. त्या रात्री कोपऱ्यात ताऱ्यांची लांबी ५ पिक्सेल, रुंदी साडेचार. तीन कोपऱ्यांत.

खालच्या उजव्यात पुन्हा सात. कॅमेरा फिरवला तर दोष समोर जात नाही, दर वेळी वेगळ्याच कोपऱ्यात दिसतो. यावर एक रात्र डोकं खाजवलं. कारण निघालं फोकसरच्या तोंडात: दोनच स्क्रू, आणि ते करेक्टरच्या गळ्याला एका बाजूला रेटतात. कोणता आधी आवळला यावर तो कुठे कलंडणार हे ठरतं. मग नळी उभी असतानाच, कॅमेरा कडेवर घट्ट दाबून, दोन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे अशी शिस्त लावली. सातचे सहा झाले. पूर्ण जायला आट्यांनी बसणारा फोकसर हवा, तो या वर्षी परवडत नाही. पोस्टकार्डाएवढ्या छापील फोटोत तर तो कोपरा दिसतही नाही. भाच्याला दिसतो.

मेस्त्रींना मार्चमध्ये मृगातल्या तेजोमेघाचा फोटो नेऊन दिला. त्यांनी तो लेथच्या मागे, तेलाच्या हातांपासून दूर, उंचावर लावलाय. भाचा म्हणाला, "मामा, खालचा उजवा कोपरा फ्रेमच्या पट्टीखाली गेला."

मे संपता संपता सगळं उतरवलं. करेक्टर सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात, कारण आमच्याकडे जुलैत भिंगावर बुरशीचं जाळं धरायला पंधरा दिवस पुरतात. आरसा नळीतच, दोन्ही तोंडं बंद करून, ओटीवर नाही तर आतल्या खोलीत. स्प्रिंगांना ग्रीसचा हात दिला. ४८ आट्यांची टी-रिंग मार्चमध्येच येऊन पडलीय. ती लावली की बेरीज ५५ होईल आणि फिल्टरसाठी ०.७ घालावे लागतील. वॉशर कापून त्याच डब्यात ठेवलेत. ऑक्टोबरात आकाश उघडलं की पहिली रात्र परत त्या १८० अंशांच्या चाचणीची.